कंपनीचा पैसा आणि संचालकांची संमति

ज्या घरांत कोणी व्यापारी नाहीं, कारखानदार नाहीं, किंबहुना ज्या घरांतील कोणीही जन्मांत शेअरबाजाराची पायरी चढलेला नाहीं, अशा घराचाही पैसा आज कंपन्यांत गुंतलेला असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वडिलांनीं आयुष्याचा विमा उतरविलेला असतो. विमा महामंडळ जमा झालेल्या हप्त्यांचा कांहीं भाग निरनिराळ्या कंपन्यांत घालतें. नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा एक हिस्साही २०१५ सालापासून शेअरबाजारांत गुंतविला जाऊं लागला आहे. कोणी आई मुलीच्या शिक्षणासाठीं दरमहा पांचशें रुपये म्युच्युअल फंडांत टाकीत असते. हा पैसा शेवटीं कोठल्या तरी कंपनीच्या तिजोरींत जाऊन पोहोंचतो, आणि त्याचें काय करावयाचें हें एका टेबलाभोवतीं बसलेलीं दहाबारा माणसें ठरवितात. हीं माणसें कोण, त्यांच्या हातीं कोणता अधिकार असतो, व तो तीं कसा वापरतात किंवा वापरीत नाहींत, हें समजून घेणें आतां केवळ व्यापाऱ्यांच्या मुलांचेंच काम राहिलेलें नाहीं. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं हा विषय होईल तितक्या सोप्या रीतीनें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कंपनी म्हणजे काय तें पाहूं. एकट्या माणसाला जें भांडवल जमवितां येत नाहीं, तें हजारों माणसांनीं थोडें थोडें घालून जमवावें व त्यांतून मोठा उद्योग उभा करावा, ही कंपनीची मूळ कल्पना होय. भांडवलाचे सारखे तुकडे पाडतात; त्यांस भाग अथवा शेअर म्हणतात, व ते घेणारास भागधारक. उद्योग बुडाला तर भागधारकाची भागांत घातलेली रक्कम तेवढी जाते. कंपनीचा सावकार त्याच्या घरादारावर येऊं शकत नाहीं. आपल्या देशांत कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० सालीं झाला, आणि मर्यादित जबाबदारीची ही सवलत १८५७ सालच्या कायद्यानें मिळाली. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं उभारण्यास घेतली, ती कंपनी काढूनच. पुढें १९०७ सालीं टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचे भाग विक्रीस निघाले, तेव्हां सुमारें आठ हजार लोकांनीं तीन आठवड्यांच्या आंत तें भांडवल भरून दिलें, हें प्रसिद्धच आहे.

आतां आठ हजार माणसें एका खोलींत बसून कारखाना चालवूं शकत नाहींत. कोळसा कोणाकडून घ्यावा, यंत्र केव्हां बदलावें, कर्ज किती काढावें, हें ठरविण्यास त्यांस वेळ नसतो व माहितीही नसते. म्हणून भागधारक आपल्या वार्षिक सभेंत कांहीं माणसें निवडून देतात व सर्व कारभार त्यांच्या स्वाधीन करितात. या माणसांस संचालक किंवा डायरेक्टर म्हणतात, व ते सर्व मिळून संचालक मंडळ होतें. येथेंच एक मोठी अडचण उत्पन्न होते. पैसा एकाचा आणि तो खर्च करणारा हात दुसऱ्याचा! गांवच्या देवळाच्या किंवा शाळेच्या निधीवर जे पंच नेमलेले असतात, त्यांच्यासारखीच ही स्थिति आहे. पंच दक्ष असले तर निधि वाढतो. ते झोंपीं गेले तर निधि कोठें गेला हें गांवास फार उशिरां कळतें.

संचालक मंडळांत नाना प्रकारचे लोक असतात. कांहीं कंपनीचे पूर्णवेळ अधिकारीच असतात. रोजचें काम तेच पाहतात. कांहीं प्रवर्तक, म्हणजे ज्यांनीं कंपनी काढली ते, किंवा त्यांच्या कुटुंबांतील असतात. ज्या बँकेनें किंवा संस्थेनें मोठें कर्ज दिलें असेल तिचा एखादा प्रतिनिधि असतो. आणि चौथा वर्ग स्वतंत्र संचालकांचा. यांचा कंपनीशीं नोकरीचा, नात्याचा किंवा देण्याघेण्याचा महत्त्वाचा संबंध असूं नये अशी अट असते. आजच्या कायद्याप्रमाणें, म्हणजे २०१३ सालच्या कंपनी कायद्याप्रमाणें, शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीच्या मंडळांत निदान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. वर्षांतून मंडळाच्या किमान चार बैठका व्हाव्या लागतात, व दोन बैठकींत एकशें वीस दिवसांहून अधिक अंतर पडूं नये असा नियम आहे.

हे सर्व एकाच टेबलाशीं बसले तरी सर्वांची दृष्टि एक नसते. कर्ज देणाऱ्या बँकेच्या प्रतिनिधीस वाटतें कीं, नफा होवो न होवो, आमचें व्याज प्रथम यावें. ज्या अधिकाऱ्याचा मान व पगार कंपनीच्या पसाऱ्यावर अवलंबून आहे, त्यास नवे कारखाने काढण्याची हौस असते. ज्या कुटुंबाचे भाग मोठे आहेत त्यास कधीं लाभांश हवा असतो, तर कधीं कंपनीचा पैसा आपल्याच दुसऱ्या एखाद्या धंद्याकडे वळावा असें वाटतें. ज्या मंडळांत ज्या दृष्टीचें वजन अधिक, त्या कंपनीचा पैसा त्या दिशेनें वाहतो. तेव्हां संचालकांचीं नांवें व त्यांचे संबंध पाहिले म्हणजे कंपनीच्या पैशाच्या भावी वाटेचा बराच अंदाज बांधतां येतो.

पैशासंबंधीं मंडळापुढें येणारे प्रश्न पुष्कळ असले तरी त्यांतील चार मुख्य होत. पहिला प्रश्न नफ्याच्या वांटणीचा. समजा, एका कंपनीस वर्षाअखेर दहा कोटि रुपये निव्वळ नफा झाला. तो सर्व भागधारकांस लाभांश म्हणून वांटून दिला, तर सर्वजण आज संतुष्ट होतील; पण पुढील वर्षीं जुनें यंत्र मोडलें म्हणजे व्याजानें पैसा काढावा लागेल. उलट, सर्व नफा शिलकेंत टाकला, तर ज्या विधवेचा संसार लाभांशावर चालतो तिची चूल विझेल. शिवाय हाताशीं मोकळा पैसा पडून राहिला म्हणजे अधिकाऱ्यांस नसते उद्योग सुचूं लागतात. या दोहोंमधील माप ठरविणें हें मंडळाचें काम. लाभांशाचा शेवटचा ठराव भागधारकांच्या सभेंत होतो खरा, परंतु मंडळानें जो आंकडा सुचविला असेल तो सभेस कमी करितां येतो, वाढवितां येत नाहीं. आठ हजार मालक एकमतानें ओरडले तरी मंडळाच्या आंकड्यावर एक पैसाही चढत नाहीं, एवढी या सूचनेची शक्ति आहे.

दुसरा प्रश्न कर्जाचा. नवा कारखाना काढावयाचा तर पैसा नवे भाग विकून आणावा कीं बँकेकडून उसना घ्यावा? भाग विकले तर नफ्यांत वांटेकरी वाढतात. कर्ज काढलें तर वांटेकरी वाढत नाहींत, पण धंदा बसला तरी व्याज थांबत नाहीं. या बाबतींत कायद्यानें मंडळास एक लगाम घातला आहे. सार्वजनिक कंपनीचें कर्ज तिचें भांडवल व मोकळी शिल्लक यांच्या बेरजेपलीकडे न्यावयाचें असेल, तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. म्हणजे विरुद्ध मतांच्या निदान तिप्पट मतें बाजूनें पडावीं लागतात. पण त्या मर्यादेच्या आंत कर्जाचा निर्णय मंडळच करितें.

या ठिकाणीं टाटांच्या पोलादाच्या कंपनीचीच पुढील हकीकत सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव उतरले. कारखान्याच्या विस्तारावर मोठा खर्च होऊन गेला होता. शेवटीं १९२४ सालीं कामगारांचे पगार देण्यापुरताही पैसा जवळ नाहीं, असा प्रसंग कंपनीवर आला. त्या वेळीं संचालक मंडळाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं आपली सुमारें एक कोटि रुपयांची खाजगी मालमत्ता, पत्नीच्या दागिन्यांसुद्धां, इंपीरिअल बँकेकडे तारण ठेवून कंपनीसाठीं पैसा उभा केला. त्याच वर्षीं देशी पोलादास संरक्षण देणारा कायदाही झाला, आणि कंपनी तरली. त्या काळांत साध्या भागधारकांस कित्येक वर्षें लाभांशावांचून काढावीं लागलीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. संचालकानें आपलें घर तारण ठेवावें असें कोणताही कायदा म्हणत नाहीं, व तशी अपेक्षा करणेंही रास्त होणार नाहीं. परंतु कर्जाच्या ठरावास संमति देणारानें, हा बोजा माझ्याच घरावर चढत आहे असें क्षणभर मनांत आणिलें, तर त्याच्या तोंडून निदान दोन प्रश्न अधिक निघतील.

तिसरा प्रश्न खरेदीचा. कंपनी कधीं जमीन घेते, कधीं दुसरी कंपनीच विकत घेते. येथें वस्तु चांगली आहे काय हें पाहावयाचें असतेंच. पण विकणारा कोण, हें त्याहूनही आधीं पाहावें लागतें. विकणारा आणि घेणारा आंतून एकच असले, तर भाव कोण पाडून मागणार? म्हणून ज्या संचालकाचा अशा व्यवहारांत स्वार्थ गुंतलेला असेल त्यानें तो उघड सांगावा व त्या ठरावाच्या चर्चेंत भाग घेऊं नये, असा कायदा आहे. चौथा प्रश्न हिशेबांचा. वर्षाचे जमाखर्च व ताळेबंद मंडळानें मंजूर करावयाचे असतात, आणि ते खरे आहेत याची जबाबदारी मंडळावर असते. हिशेबतपासनिसाशीं बोलून आंकड्यांची छाननी करण्यासाठीं मंडळाची एक लहान समितिही असते, व तिच्यांत स्वतंत्र संचालकांचें बहुमत असावें लागतें.

अधिकारांची ही यादी वाचून कोणास वाटेल कीं, मंडळ म्हणजे कंपनीचा राजाच. पण व्यवहारांत पुष्कळदां उलटें दिसतें. संचालकांपुढें जे कागद येतात ते पूर्णवेळ अधिकाऱ्यांनीं तयार केलेले असतात. सभेंत कोणता विषय आधीं घ्यावयाचा, कोणता शेवटीं, हेंही बहुधा तेच ठरवितात. बाहेरचा संचालक वर्षांतून पांचसहा वेळां येतो. त्याच्यापुढें शेंकडों पानांचा भारा पडतो. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत असतो. आणि ज्यानें आपणांस या जागीं आणिलें त्याच्याच तोंडावर शंका काढण्याचा संकोच वाटतो. मग "सर्वांस मान्य आहे ना?" असा प्रश्न येतो, माना डोलतात, आणि कोट्यवधि रुपये मार्गस्थ होतात.

आपल्या इकडे हा दोष जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांचा कारभार पूर्वीं मॅनेजिंग एजंट म्हणजे मुखत्यार पेढ्यांच्या हातीं असे. कित्येक गिरण्यांत या पेढीची दलाली काढलेल्या सुताच्या दर पौंडास पाव आणा अशी ठरलेली असे. गिरणीस नफा होवो कीं तोटा, सूत जितकें अधिक निघेल तितकी पेढीची दलाली अधिक! संचालक मंडळें होतीं, पण त्यांत पेढीचेच आप्तइष्ट बसत. मग दलालीचा हा प्रकार बदला असें सांगणार कोण? ही मुखत्यारीची पद्धत कायद्यानें १९७० सालीं बंद झाली. पद्धत गेली, तरी मान डोलविण्याची संवय मात्र तिच्याबरोबर गेली नाहीं, याचें अलीकडील उदाहरण आतां सांगतों.

हैद्राबाद येथें १९८७ सालीं सत्यम् कॉम्प्युटर नांवाची कंपनी निघाली. परदेशांतील मोठमोठ्या पेढ्यांचें संगणकाचें काम ती करी. वीस वर्षांत ती इतकी वाढली कीं, तिच्या पटावर सुमारें पन्नास हजार माणसें होतीं, व तिचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारांतही खपत. रामलिंग राजू हे तिचे प्रवर्तक व अध्यक्ष. २००८ सालीं तर उत्तम कारभाराबद्दल या कंपनीस एक पारितोषिकही मिळालें होतें. तें पुढें परत घेण्यांत आलें. तिच्या मंडळांतील स्वतंत्र संचालक कोणी ऐरेगैरे नव्हते. अमेरिकेंतील विख्यात विद्यापीठाचे प्राध्यापक, केंद्र सरकारचे निवृत्त कॅबिनेट सचिव, एका मोठ्या व्यवस्थापनशाळेचे प्रमुख, अशीं नामांकित माणसें त्यांत होतीं.

ता. १६ डिसेंबर २००८ रोजीं या मंडळापुढें एक ठराव आला. मेटास नांवाच्या दोन कंपन्या, एक जमीनजुमल्याची व दुसरी बांधकामाची, सत्यमनें विकत घ्याव्या. किंमत सुमारें १६० कोटि डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानें सात हजार कोटि रुपयांहून अधिक. 'सत्यम' हीं इंग्रजी अक्षरें उलट्या क्रमानें लिहिलीं म्हणजे 'मेटास' हें नांव होतें. आणि या दोन्ही कंपन्या राजू यांच्या मुलांच्या व कुटुंबीयांच्या होत्या. सत्यममध्यें राजू मंडळींचे भाग शेंकडा दहांहूनही कमी उरले होते. म्हणजे पैसा बहुतांशीं परक्यांचा, आणि तो जावयाचा होता घरच्यांच्या हातीं. संगणकाच्या कंपनीनें जमिनी कशासाठीं घ्याव्या, भाव कोणीं ठरविला, असे प्रश्न त्या बैठकींत कांहीं संचालकांनीं काढलेही. परंतु प्रश्न काढणें निराळें, आणि उत्तर पटेपर्यंत संमति अडवून धरणें निराळें. ठराव शेवटीं एकमतानें मंजूर झाला.

बातमी बाहेर पडतांच भागधारक खवळले. न्यूयॉर्कच्या बाजारांत त्याच दिवशीं भागाची किंमत निम्म्याहून खालीं आली. कांहीं तासांच्या आंत कंपनीस तो बेत सोडून द्यावा लागला. तरीही दुसऱ्या दिवशीं मुंबईस भाव सुमारें शेंकडा तीस उतरला. डिसेंबर संपण्यापूर्वीं चार स्वतंत्र संचालकांनीं राजीनामे दिले. आणि ता. ७ जानेवारी २००९ रोजीं राजू यांनीं मंडळास पत्र लिहून कबूल केलें कीं, कंपनीच्या वहींत रोख व बँकेंतील शिल्लक म्हणून जे ५,३६१ कोटि रुपये दाखविले होते, त्यांपैकीं ५,०४० कोटि अस्तित्वांतच नव्हते. आमच्या सातवीच्या मुलांनीं हा हिशेब करून पाहावा: दर शंभर रुपयांमागें चौऱ्याण्णव रुपये नुसते कागदावर! त्या एका दिवसांत भागाची किंमत तीनचतुर्थांशाहून अधिक घसरली. मेटासची खरेदी हा खोट्या मालमत्तेच्या जागीं खरी मालमत्ता आणून बसविण्याचा आपला शेवटचा प्रयत्न होता, असेंही त्याच पत्रांत त्यांनीं सांगितलें. पुढें २०१५ सालीं हैद्राबादच्या विशेष न्यायालयानें त्यांस व इतर नऊ जणांस दोषी ठरवून शिक्षा दिली. त्यावर अपील होऊन वरच्या न्यायालयानें शिक्षा तहकूब केली व आरोपींस जामीन दिला.

या प्रकरणाचें मर्म नीट पाहिलें पाहिजे. वह्यांतील लबाडी वर्षानुवर्षें चालली होती, आणि बनावट कागद पाहून बाहेरच्या संचालकांस ती कळणें सोपें नव्हतें, हें आम्हांस मान्य आहे. पण १६ डिसेंबरच्या ठरावांत कांहींही लपलेलें नव्हतें. विकणारा कोण हें माहीत होतें; धंदा निराळा हें माहीत होतें; रक्कम केवढी हेंही माहीत होतें. ज्या भागधारकांनीं तो ठराव कांहीं तासांत हाणून पाडला, त्यांच्याजवळ संचालकांहून अधिक माहिती मुळींच नव्हती. त्यांनीं एवढेंच म्हटलें, "आमचा पैसा यांत कां घालतां?" हें वाक्य मंडळाच्या खोलींत ठामपणें उच्चारलें गेलें असतें, तर तो ठराव त्या खोलीबाहेर पडलाच नसता. आणि तें बाहेरच्यांनींही उच्चारलें नसतें, तर वहींतील तें प्रचंड भोंक कुटुंबाच्या जमिनींनीं बुजून गेलें असतें व लबाडी आणखी किती काळ झांकून राहिली असती कोण जाणे!

याच कथेचा उत्तरार्ध अधिक आशादायक आहे. केंद्र सरकारनें जुनें मंडळ बरखास्त करून नवें नेमलें. प्रथम दीपक पारेख, किरण कर्णिक व सी. अच्युतन हे तिघे आले. कांहीं दिवसांनीं आणखी तिघांची भर पडली. इमारती त्याच, यंत्रें तींच, काम करणारे तरुणही तेच. बदललें होतें तें टेबलाभोवतींचें मंडळ. या सहा जणांपुढें प्रश्नही पैशाचाच होता. महिनाअखेर पन्नास हजारांच्या घरचे पगार कसे द्यावयाचे? बँकांकडून कर्ज किती काढावयाचें? गिऱ्हाइकांस थोपवून कसें धरावयाचें? त्यांनीं बँकांकडून पैसा उभा केला, नव्या तपासनिसांकडून हिशेब पुन्हां मांडण्यास आरंभ केला, आणि एप्रिल २००९ मध्यें उघड लिलांव करून कंपनीसाठीं नवा धनी शोधला. पुण्याच्या टेक महिंद्र कंपनीनें दर भागास ५८ रुपये देऊन शेंकडा ३१ हिस्सा सुमारें १,७५० कोटि रुपयांस घेतला. सत्यम् पुढें २०१३ सालीं टेक महिंद्रमध्यें विलीन झाली. भागधारकांचें नुकसान भरून निघालें नाहीं. पण कंपनी मोडली असती तर ज्या हजारों तरुणांच्या घरांत अंधार पडला असता, त्यांतील बहुतेक घरें वांचलीं. एकाच कंपनींत तीन महिन्यांच्या अंतरानें दोन मंडळांनीं काय केलें, हें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे मंडळाचें महत्त्व वेगळें सांगण्याची गरज राहत नाहीं.

या धड्यानंतर कायदाही कडक झाला. २०१३ सालच्या कायद्यांत संचालकांचीं कर्तव्यें प्रथमच स्पष्ट शब्दांत लिहिलीं गेलीं: सद्भावानें वागावें, काळजीनें व स्वतंत्र बुद्धीनें निर्णय करावा, स्वार्थ व कर्तव्य यांचा विरोध होऊं देऊं नये. स्वतंत्र संचालकास एका कंपनींत पांच वर्षांच्या लागोपाठ दोन मुदतींपलीकडे बसतां येत नाहीं; फार जवळीक झाली म्हणजे डोळ्यांवर पडदा येतो, हें त्यामागील तत्त्व. एखादें गैरकृत्य त्याच्या माहितीनें व संमतीनें घडलें, किंवा त्यानें योग्य ती दक्षता बाळगली नाहीं म्हणून घडलें, तर तोही जबाबदार ठरतो. ठराव पसंत नसेल तर आपला विरोध सभेच्या इतिवृत्तांत लिहवून घेण्याची सोय त्यास आहे. तथापि कायद्यानें माणसाला खुर्चीवर बसवितां येतें, तोंड उघडावयास लावतां येत नाहीं. बँकेंत शिल्लक आहे म्हणतां, मग बँकेचा दाखला थेट बँकेकडूनच आणविला काय? विकणाऱ्याचें व आपलें नातें काय? हा व्यवहार आज न करितां तीन महिन्यांनीं केला तर काय बिघडेल? हे प्रश्न विचारण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं. त्यांस थोडें धैर्य लागतें, आणि समाधान होईपर्यंत 'हो' न म्हणण्याचा निग्रह लागतो.

आमच्या पालकांपैकीं ज्यांनीं कोठें भाग घेतले असतील त्यांस आमची सूचना आहे कीं, कंपनीचा वार्षिक अहवाल न वाचतां टाकून देऊं नये. सर्व पानें वाचणें शक्य नसलें तरी तीन ठिकाणें अवश्य पाहावीं. कोणता संचालक वर्षांत किती बैठकींस हजर होता, तें अहवालांत छापलेलें असतें. प्रवर्तकांच्या नात्यांतील व्यक्तींशीं व कंपन्यांशीं किती रकमेचे व्यवहार झाले, त्याची यादी असते. आणि हिशेबतपासनिसानें आपल्या दाखल्यांत कांहीं शंका नोंदविली आहे काय, हें एका पानांत समजतें. ज्यांचा पैसा फंडांतून किंवा विम्यांतून जातो त्यांनींही निदान एवढें ध्यानांत ठेवावें कीं, या संस्था आपल्या वतीनें मोठ्या भागधारक असतात, व त्यांनीं सभांत मत कसें दिलें हें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

आणि विद्यार्थ्यांस आम्ही काय सांगावें? तुमच्यांतील थोडेच पुढें मोठ्या कंपनींचे संचालक होतील. परंतु प्रत्येकावर कोठें ना कोठें पंच होण्याचा प्रसंग येईलच. गांवची सहकारी सोसायटी, चाळीचें किंवा इमारतीचें मंडळ, वाचनालयाची समिति, येथेंही दुसऱ्यांचाच पैसा असतो, कागद पुढें येतो, आणि कोणी तरी विचारतो, "सर्वांस मान्य आहे ना?" वर्गाच्या सहलीच्या वर्गणीचा हिशेब सुद्धां याच जातीचा आहे. तो मांडणाऱ्या मित्रास पावती मागितली म्हणजे मैत्री तुटते असें समजूं नका. खरा मित्र पावती घेऊनच येतो. ज्याला पावती मागण्याचा संकोच लहानपणीं जिंकतां आला, त्याच्या हातीं पुढें लोकांचा पैसा आला तर तो सुरक्षित राहील, असा आम्हांस भरंवसा वाटतो.